स्नो डे म्हणजे काय? बर्फ पडला की शाळेला सुट्टी कोण देतं आणि त्या दिवशी घराघरात काय चालतं?

रात्री झोपताना पायजमा उलटा घालायचा. उशीखाली चमचा ठेवायचा. फ्रीजरमधले बर्फाचे चार खडे काढून टॉयलेटमध्ये टाकायचे आणि फ्लश करायचं.

वाचून वाटेल की हा कुठल्यातरी बाबाने सांगितलेला तोडगा आहे. पण हे उद्योग अमेरिकेतली शाळकरी मुलं करतात. मागणं एकच असतं. उद्या एवढा बर्फ पडू दे, की शाळा बंद राहिली पाहिजे.

आणि खरंच तसा बर्फ पडला, तर पहाटे आईबाबांच्या फोनवर मेसेज येतो की आज शाळा नाही. यालाच तिकडे म्हणतात स्नो डे.

सोशल मीडियावर दर हिवाळ्यात या दिवसाचे रील्स येतात. घसरगाड्यांवरून किंचाळत खाली येणारी मुलं, गाजराच्या नाकाचे बर्फाचे बाहुले, खिडकीबाहेर सगळं पांढरं. बघायला भारी वाटतं. पण ही सुट्टी नक्की ठरवतं कोण? दोन इंच बर्फावर एक शहर ठप्प होतं आणि दुसरीकडे फूटभर बर्फातही शाळा भरते, हे कसं? आणि ऑनलाइन शाळा आल्यापासून ही सुट्टीच धोक्यात आली आहे, असं का म्हणतात?

सगळं नीट समजून घेऊया.

सुट्टी ठरवतं कोण?

अमेरिकेत शाळा चालवण्यासाठी छोटे छोटे डिस्ट्रिक्ट असतात. हे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. कधी एका गावाचं, कधी एका शहराचं, कधी अख्ख्या काउंटीचं मिळून एक डिस्ट्रिक्ट असतं. त्याच्या प्रमुखाला सुपरिंटेंडंट म्हणतात. शाळा उघडी ठेवायची की बंद, हा निर्णय बहुतेक ठिकाणी त्याच्याच हातात असतो.

बर्फाचा अंदाज असला की या माणसाची झोप उडते. पहाटे तीन-चारला तो उठतो. हवामान खात्याचा ताजा अंदाज बघतो, रस्ते साफ करणाऱ्या विभागाला फोन लावतो, शेजारच्या डिस्ट्रिक्टवाल्यांशी बोलतो. अनेक ठिकाणी तो किंवा त्याची माणसं स्वतः गाडी काढून रस्त्यांवर फिरून बघतात. साधारण पाच-साडेपाचच्या आत निर्णय घ्यावाच लागतो, कारण त्यानंतर स्कूल बसचे ड्रायव्हर घरातून निघतात.

त्याच्यासमोर प्रश्न असतात ते असे. पिवळ्या बस वळणावळणाच्या गल्ल्यांतून जाऊ शकतील का? मुलं बस स्टॉपवर जिथे उभी राहतात ती जागा साफ आहे का? बर्फ सकाळी थांबणार आहे की दुपारी शाळा सुटताना वाढणार आहे? वीज आहे का? शिक्षक पोहोचतील का? थंडी किती आहे?

यात मधला मार्गही असतो. तो म्हणजे दोन तास उशिरा शाळा भरवायची. तेवढ्यात रस्ते साफ होतात आणि उजाडतंही.

मुलांना मात्र एवढा वेळ धीर धरवत नाही. सुट्टी लागणार का, याचा अंदाज सांगणारी वेबसाइटसुद्धा आहे. न्यू जर्सीतल्या डेव्हिड सुखिन नावाच्या शाळकरी मुलाने २००७ मध्ये स्नो डे कॅल्क्युलेटर बनवला. आपल्या भागाचा पिन कोड टाकायचा, की सुट्टीची शक्यता किती टक्के ते कळतं.

किती इंच बर्फ पडला की सुट्टी?

याचा असा ठरलेला आकडा नाही. सगळा खेळ सवयीचा आणि तयारीचा आहे.

न्यूयॉर्क राज्यातलं बफलो किंवा मिनेसोटातलं मिनियापोलिस घ्या. तिथे बर्फ नेहमीचाच. महापालिकेकडे बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांचा ताफा असतो आणि मिठाचे डोंगर रचून ठेवलेले असतात. हे मीठ रस्त्यावर टाकतात, कारण मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि बर्फ वितळतो. पारा साधारण उणे १० अंश सेल्सिअसच्या खाली गेला की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा वेगळे क्षार किंवा वाळू वापरावी लागते.

अशा शहरांत चार-पाच इंच बर्फ पडला तरी शाळा आरामात भरते. तिथे कधीकधी बर्फ नसतानाही, नुसत्या थंडीमुळे सुट्टी द्यावी लागते. ६ जानेवारी २०१४ ला मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी जीवघेण्या थंडीमुळे राज्यभरातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या.

याउलट दक्षिणेतली राज्यं. तिथे बर्फ क्वचित पडतो, त्यामुळे गाड्याही कमी आणि लोकांना बर्फात गाडी चालवायची सवयही नाही. तिथे दोन इंच म्हणजे मोठं संकट. बाहेरचे लोक यावरून दक्षिणेची थट्टा करतात. पण ही थट्टा किती चुकीची आहे, ते अटलांटाने बघितलं आहे.

एवढी धास्ती का? दोन तारखा सांगतात

पहिली तारीख १२ जानेवारी १८८८.

अमेरिकेच्या मधल्या गवताळ प्रदेशात, म्हणजे नेब्रास्का, तेव्हाचा डकोटा प्रांत आणि मिनेसोटा या भागात, त्या दिवशी सकाळी हवा छान उबदार होती. बरेच दिवस कडाक्याची थंडी सोसल्यावर मिळालेला बरा दिवस. त्यामुळे मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. आणि दिवसाढवळ्या अचानक हिमवादळ आलं. पारा झपाट्याने कोसळला. वाऱ्याने उडणारा बर्फ इतका बारीक आणि दाट होता, की हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं.

काही शिक्षकांनी मुलांना वर्गातच थांबवून घेतलं. काही मुलं घराकडे निघाली आणि वाटेतच गोठून गेली. या वादळात सुमारे २३५ माणसं दगावली असं मानलं जातं. त्यात शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. म्हणूनच अमेरिकेच्या इतिहासात या वादळाला मुलांचं हिमवादळ असं नाव पडलं. नेब्रास्कातल्या मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने शाळेचं छप्पर उडाल्यावर आपल्या विद्यार्थ्यांना जवळच्या घरापर्यंत सुखरूप नेलं. तिचं नाव देशभर झालं.

तेव्हा ना रेडिओ होता, ना हवामानाचा नेमका अंदाज. पण दुसरी तारीख अलीकडची आहे. २८ जानेवारी २०१४, शहर अटलांटा.

त्या दिवशी तिथे पडला जेमतेम अडीच इंच बर्फ. सकाळी शाळा नेहमीसारख्या भरल्या होत्या. दुपारी बर्फ वाढायला लागला तेव्हा शाळा, सरकारी कार्यालयं आणि खासगी कंपन्या, सगळ्यांनी एकाच वेळी सुट्टी दिली. लाखो माणसं एकदम रस्त्यावर आली आणि महामार्ग तुंबले. मीठ टाकणाऱ्या गाड्याच त्या गर्दीत अडकल्या. चाकांखाली वितळलेला बर्फ पुन्हा गोठून रस्त्याची काच झाली.

लोकांनी रात्र गाडीत, दुकानांत, पेट्रोल पंपांवर काढली. हजारो मुलांना शाळेतच झोपावं लागलं. काही मुलं तर रात्री उशिरापर्यंत स्कूल बसमध्येच अडकली होती.

बर्फ किती इंच पडला यापेक्षा निर्णय किती वाजता झाला हे जास्त महत्त्वाचं, हा धडा त्या दिवसाने दिला. म्हणून आता बरेच सुपरिंटेंडंट म्हणतात, बर्फ पडलाच नाही म्हणून लोक हसले तरी चालेल, पण मुलं बसमध्ये अडकायला नकोत.

मग सुट्टी मिळाली की करतात काय?

सुट्टीचा मेसेज आला की मुलं, जी एरवी शाळेसाठी दहा हाका मारूनही उठत नाहीत, ती टुणकन उठतात. एकावर एक कपडे, बूट, मोजे, हातमोजे, टोपी असा सगळा जामानिमा चढवण्यातच अर्धा तास जातो. तेवढ्यात सगळ्यात धाकट्याला बाथरूमला लागते आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरातला हा ठरलेला सीन आहे.

बाहेर पडल्यावरचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. पण त्या प्रत्येकामागे काहीतरी गंमत आहे.

स्नोमॅन. बर्फाचा बाहुला प्रत्येक बर्फाचा होत नाही. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत बर्फाचेही प्रकार असतात. खूप थंडी असेल तर बर्फ कोरड्या पिठासारखा पडतो. मूठ आवळली तरी तो सुटाच राहतो. तापमान शून्य अंशाच्या आसपास असलं तर कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटतात. पाणी न लावता कणीक मळता येत नाही, तसंच हे. ओला बर्फ असला तर छोटा गोळा करून जमिनीवर लोळवत न्यायचा, की तो आपोआप मोठा होत जातो. अमेरिकेत स्नोमॅन तीन गोळ्यांचा करतात. ब्रिटन आणि जपानमध्ये मात्र दोन गोळ्यांवर भागतं.

जगातला एक अवाढव्य स्नोमॅन खरं तर बाई होता. २००८ मध्ये मेन राज्यातल्या बेथेल गावाने ३७ मीटरहून उंच बाहुली उभी केली. म्हणजे साधारण बारा मजली इमारत. तिचं नाव ऑलिंपिया. मेनच्या तेव्हाच्या सिनेटर ऑलिंपिया स्नो यांच्यावरून ते ठेवलं होतं. आडनावच स्नो म्हटल्यावर दुसरं नाव कशाला शोधायचं?

स्लेडिंग. म्हणजे घसरगाडीवर बसून उतारावरून सुसाट खाली यायचं. लाकडी, प्लॅस्टिकची, हवा भरलेली अशा सगळ्या प्रकारच्या गाड्या मिळतात. कुणी स्वयंपाकघरातला मोठा ट्रेसुद्धा आणतं. यावरून वॉशिंग्टनमध्ये एकदा चक्क आंदोलन झालं. अमेरिकी संसदेच्या टेकडीचा उतार घसरायला झकास आहे. पण २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर सुरक्षेचं कारण देऊन तिथे स्लेडिंगला मनाई होती. ५ मार्च २०१५ ला स्नो डे होता, तेव्हा आईबाप मुलांना आणि घसरगाड्यांना घेऊन थेट टेकडीवर पोहोचले. मुलं पोलिसांसमोर खुशाल घसरली. त्याच वर्षाच्या शेवटी संसदेने पोलिसांना सांगितलं, मुलांना घसरू द्या.

स्नोबॉल. बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारायचे. कोलोरॅडोतल्या सेव्हरन्स गावात यावर जुन्या कायद्याने बंदी होती. फेकून मारण्याच्या वस्तूंत बर्फाचा गोळाही मोडत होता. गावातल्या ९ वर्षांच्या एका मुलाला हे कळलं. त्याने गावच्या सभेत उभं राहून मुद्दे मांडले आणि डिसेंबर २०१८ मध्ये सभेने बंदी उठवली. पहिला गोळा कुणाला मारणार, तर धाकट्या भावाला, हेही त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.

किल्ला. आपल्याकडे दिवाळीत मातीचा किल्ला करतात, तसा तिकडे बर्फाचा. भिंती थापायच्या, मागे गोळ्यांचा साठा करायचा आणि समोरच्या गल्लीशी युद्ध पुकारायचं. ज्यांना एवढं जमत नाही ती छोटी मुलं बर्फात पाठीवर पडून हातपाय पसरून हलवतात. उठल्यावर खाली पंखवाल्या परीचा आकार दिसतो.

बर्फाची फुलं बघणं. हा खेळ शांत आहे, पण त्याचा इतिहास मोठा आहे. व्हर्मोंट राज्यातल्या जेरिको गावात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. जन्म १८६५ चा. आई आधी शिक्षिका होती, तिनेच त्याला बरीच वर्षं घरी शिकवलं. तिने दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून तो बर्फाचे कण बघायला लागला. पण चित्र काढेपर्यंत कण वितळायचा. मग त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ ला हिमकणाचा फोटो काढला. असं करणारा तो पहिला मानला जातो. आयुष्यभरात त्याने ५ हजारांहून अधिक फोटो काढले.

हे घरीही करता येतं. काळं कापड किंवा काळा कागद आधी बाहेर ठेवून गार करायचा, त्यावर पडणारे कण झेलायचे आणि भिंगातून बघायचे. शक्यतो श्वास रोखून, नाहीतर फुंकरीने फूल गायब. नीट घडलेल्या कणांना सहा बाजू किंवा सहा पाकळ्या दिसतात, कारण गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत बसतात.

बर्फ मोजणं. एक पट्टी अंगणात उभी करायची आणि दर तासाला आकडा लिहायचा. मग डब्यात दहा इंच बर्फ भरून घरात वितळवायचा. सरासरी एक इंचाच्या आसपासच पाणी उरतं. बाकी सगळी हवा असते. मुलांना हे खोटं वाटतं, म्हणूनच करून बघण्यात मजा आहे.

स्वयंपाकघरात काय शिजतं?

दोन-तीन तासांनी लाल नाकं घेऊन सगळे आत येतात आणि हॉट चॉकलेट होतं. मराठी घरात आल्याचा चहा आणि कांदाभजी. त्यासाठी पाऊसच लागतो असं थोडंच आहे?

दक्षिणेतल्या राज्यांत स्वच्छ ताजा बर्फ, दूध, साखर आणि व्हॅनिला एकत्र करून स्नो क्रीम बनवतात. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा हा लांबचा भाऊ समजा. यात एक पथ्य पाळतात. बर्फ पडायला लागल्या लागल्या घेत नाहीत, कारण पहिला बर्फ हवेतली धूळ आणि काजळी घेऊन खाली येतो. थोडा पडून गेल्यावरचा, वरच्या थरातला पांढराशुभ्र बर्फ घ्यायचा. रस्त्याकडेचा ढीग तर अजिबात नाही.

कॅनडाच्या क्युबेकमध्ये मेपलच्या झाडाचा गोड रस आटवून घट्ट पाक करतात आणि तो गरम असतानाच दाबून बसवलेल्या बर्फावर ओततात. पाक लगेच चिवट होतो, मग तो काडीवर गुंडाळून चोखायचा. हा पाक साधारण ११३ अंशांपर्यंत तापवावा लागतो. आपल्याकडे थेंब थंड पाण्यात टाकून गोळीबंद पाक झाला का ते बघतात ना, साधारण तीच पायरी.

मजेत काय विसरायचं नाही?

परदेशात पहिलाच हिवाळा काढणाऱ्या कुटुंबांनी, किंवा मुला-नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांनी हा भाग नीट वाचावा.

कपडे : एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. आतला थर सुती नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की अंग गार पडतं. लोकर किंवा सिंथेटिक चांगलं. ओले हातमोजे लगेच बदलायचे.

वारा : थर्मामीटरवरचा आकडा पुरेसा नाही. तापमान उणे १८ अंश आणि वारा ताशी २४ किलोमीटर असेल, तर अंगाला ती थंडी उणे २८ सारखी लागते. अशा हवेत उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बोटं, कान किंवा नाक बधिर आणि फिकट पडलं तर आत यायचं. तो भाग चोळायचा नाही, कोमट पाण्याने हळूहळू गरम करायचा.

घसरगाडी : बसून, पाय पुढे ठेवूनच घसरायचं. पोटावर झोपून डोकं पुढे केलं तर आपटल्यावर डोक्याला लागतं. हेल्मेट चांगलं. उताराच्या शेवटी रस्ता, झाड किंवा गोठलेलं तळं नको.

किल्ला : रस्त्याच्या कडेला बांधायचा नाही. बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आत लपलेलं मूल दिसत नाही. बोगदाही खणायचा नाही, वरचा बर्फ बसला तर आत गुदमरायला होतं.

गाडी : सगळ्यात दुर्लक्षित धोका हाच. बाबा गाडीभोवतीचा बर्फ काढतायत आणि मुलं हीटर लावून आत बसली आहेत, हे दृश्य नेहमीचं. पण मागचा एक्झॉस्ट पाइप बर्फाने बुजलेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. यात माणसं दगावली आहेत. आधी पाइप मोकळा करायचा, मगच इंजिन चालू करायचं.

बर्फ उपसणं : फावड्याने ओला बर्फ काढणं म्हणजे जड कष्टाचं काम. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यात हा ताण. दरवर्षी यामुळे हृदयविकाराचे झटके येतात. आजोबांनी हौसेने फावडं उचलू नये.

ऊन : ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो. गॉगल आणि सनस्क्रीन थंडीतही लागतं.

आणि खिडकीतून उडी नको. हे गमतीने नाही. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये एकूण जवळपास ११० इंच बर्फ पडला. तेव्हा लोक खिडक्यांतून बर्फाच्या ढिगांत उड्या मारायला लागले. शेवटी महापौर मार्टी वॉल्श यांना हे थांबवा असं जाहीर सांगावं लागलं.

सगळ्यांसाठी हा दिवस मजेचा असतो का?

रील्समध्ये हे दिसत नाही, पण उत्तर नाही असं आहे.

अमेरिकेत शाळेच्या दिवशी जवळपास ३ कोटी मुलं सरकारी योजनेतून शाळेत दुपारचं जेवतात. १९४६ पासून चालू असलेली ही योजना म्हणजे तिकडचा मध्यान्ह भोजन कार्यक्रम. गरीब घरातल्या मुलांना ते मोफत किंवा कमी पैशात मिळतं. अनेकांचा नाश्ताही शाळेतच होतो. शाळा बंद म्हणजे त्या दिवशीचं हे जेवण बंद.

दुसरा प्रश्न आईबापांचा. लॅपटॉपवर काम करणारे घरून काम करतात आणि मधल्या वेळात मुलांबरोबर स्नोमॅन बनवतात. पण दुकानात, हॉटेलात, हॉस्पिटलमध्ये तासावर काम करणाऱ्यांचं काय? घरी राहिलं तर पगार कापला जातो. गेलं तर मुलाला कोण बघणार? पहाटे साडेपाचच्या मेसेजनंतर बेबीसिटर शोधणं म्हणजे कसरत.

म्हणून सुपरिंटेंडंटला शिव्या दोन्हीकडून पडतात. बंद ठेवली तर हे पालक चिडतात, उघडी ठेवली आणि बस घसरली तर सगळेच.

शेजारधर्म इथेच कामाला येतो. अनेक गल्ल्यांत एक घर चार घरांची मुलं सांभाळतं. मोठी मुलं म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ काढून देतात, आणि त्यातून चार पैसेही कमावतात.

मग अभ्यासाचं नुकसान होत नाही का?

तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले अर्थतज्ज्ञ जोशुआ गुडमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या २००३ ते २०१० या काळातल्या शाळांची आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. बर्फामुळे शाळा बंद राहिल्याने मुलांच्या परीक्षेतल्या गुणांवर फरक पडला नव्हता. फरक पडत होता तो मुलं एकेकटी गैरहजर राहिल्याने.

कारण सरळ आहे. सगळा वर्गच घरी असेल तर शिक्षक दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे शिकवतात. पण शाळा उघडी आणि निम्मी मुलं गैरहजर असतील, तर कुणाला काय शिकवायचं?

शिवाय बुडालेला दिवस भरून काढायची सोय असते. बऱ्याच राज्यांत वर्षाला १८० दिवस शाळा भरवणं बंधनकारक आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये वेळापत्रकच १८५ दिवसांचं करतात. म्हणजे पाच दिवस बर्फासाठी राखीव. त्याहून जास्त सुट्ट्या झाल्या तर जूनमध्ये शाळा लांबते.

मग स्नो डे धोक्यात का आला?

कोरोनामुळे. २०२० मध्ये घरोघरी लॅपटॉप आले आणि प्रशासनाला वाटलं, आता बर्फ पडला तर पडू दे, मुलं घरून शिकतील. न्यूयॉर्क शहराने त्याच वर्षी हा मार्ग धरला. सुमारे ९ लाख विद्यार्थी असलेली ही देशातली सगळ्यात मोठी सरकारी शाळाव्यवस्था.

१३ फेब्रुवारी २०२४ ला याची परीक्षा झाली. सेंट्रल पार्कमध्ये ३.२ इंच बर्फ पडला आणि शहराने शाळा ऑनलाइन केल्या. सकाळी लाखो मुलं एकदम लॉगिन करायला गेली आणि यंत्रणा अडकली. पालक स्क्रीनसमोर वैतागले, मुलं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसली. अभ्यास झाला नाही तो नाहीच, खेळही गेला.

उलट दिशेला एक गाजलेलं उदाहरण आहे. डिसेंबर २०२० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या जेफरसन काउंटीच्या सुपरिंटेंडंट बाँडी शे गिब्सन यांनी पालकांना पत्र लिहिलं. वर्षभर मुलांनी खूप काही गमावलं आहे, तेव्हा उद्या ऑनलाइन तासही नाहीत, बर्फात खेळा आणि आठवणी गोळा करा, असा त्याचा आशय होता. ते पत्र देशभर व्हायरल झालं.

आज दोन्ही पद्धती चालतात. काही डिस्ट्रिक्ट पहिले काही दिवस खरी सुट्टी देतात आणि त्यानंतर ऑनलाइन शाळा घेतात.

आपल्याकडे याचं काय?

काश्मीरमध्ये हिवाळ्याची लांब सुट्टी आधीच ठरलेली असते, त्यामुळे तिथे स्नो डेची अशी अचानक गंमत नाही. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे पावसाची सुट्टी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कित्येक मुलं रात्रभर शाळेत किंवा बसमध्ये अडकली. नऊ वर्षांनी अटलांटात झालं, ते मुंबईने आधीच भोगलं होतं. आता रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी किंवा महापालिका सुट्टी जाहीर करते. पण कधीकधी ती सकाळचं सत्र भरल्यावर येते आणि पालकांच्या ग्रुपवर गोंधळ उडतो.

पहाटे साडेपाचच्या आत निर्णय आणि प्रत्येक पालकाच्या फोनवर मेसेज, ही स्नो डेकडून घेण्यासारखी गोष्ट. वर्षाच्या वेळापत्रकात संकटासाठी चार-पाच दिवस आधीच राखून ठेवणं, ही दुसरी. एकदा मुलं घरी सुखरूप आहेत याची खात्री झाली, की मग कागदाच्या होड्या सोडायच्या की बर्फाचे गोळे मारायचे, ते त्यांचं त्यांना बरोबर कळतं.